पाळी, रक्त आणि रीफ शार्क

मालदीवला जाणाऱ्या आपल्याकडच्या गटांना निघण्याआधी व्हॉट्सॲपवर सूचनांची यादी येते. टोपी, सनस्क्रीन, पासपोर्टची झेरॉक्स, डॉलरच्या सुट्ट्या नोटा. गेल्या काही वर्षांत अशा तीन याद्यांत मी एकच ओळ वाचली आहे : ‘ज्या महिलांची पाळी चालू असेल त्यांनी शार्क स्नॉर्केलिंगच्या वेळी बोटीतच थांबावे.’ शब्द थोडे इकडचे तिकडचे, पण मजकूर तोच.

तिसऱ्या वेळी मी स्वतः त्या बोटीत होते. वावू अटॉलमध्ये फुलिधू बेटाजवळ बोट थांबली. खाली छातीएवढं पाणी, तळाची वाळू स्वच्छ दिसत होती आणि तिच्यावरून तपकिरी नर्स शार्क रमतगमत फिरत होते. नाशिकहून आलेली एक मुलगी मास्क हातात घेऊन बसून राहिली. या दिवसासाठी तिने तीन महिने तरणतलावात स्नॉर्केलमधून श्वास घ्यायचा सराव केला होता. मी म्हटलं, “चल ना.” उत्तर तिच्या आत्याने दिलं, “नको हो, तिची अडचण आहे. उगाच विषाची परीक्षा कशाला?” आमच्या मालदीवी गाइडला काय चाललंय ते कळेना. त्याला समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, आमच्याकडे असा काही नियम नाही. मुलगी तरीही उतरली नाही. दोन तास उन्हात बसून तिने बाकीच्यांचे फोटो काढले.

मला त्या आत्याबाईंचा राग आला नाही. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावर त्यांनी विश्वास ठेवला. राग येतो तो न तपासता ही ओळ एका यादीतून दुसऱ्या यादीत चिकटवणाऱ्यांचा. देवघरापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत पाळीच्या नावाखाली आपल्याकडे बायकांना पुरेसं लांब ठेवलेलं आहे. त्यात आता समुद्राची भर, आणि तीही विज्ञानाचं नाव घेऊन.

या समजुतीचं मूळ एका वाक्यात आहे : शार्कला रक्ताच्या एका थेंबाचा वास मैलभरावरून येतो. हे वाक्य इतक्या माहितीपटांत आणि मुलांच्या पुस्तकांत आहे की त्यावर शंका घ्यायचं कुणाला सुचतही नाही. तेव्हा सावकाश पाहू.

पाण्यात वास म्हणजे विरघळलेले रेणू. ते शार्कच्या नाकपुडीपर्यंत पोहोचले तरच वास येणार, आणि त्यांना तिथे प्रवाहच नेतो. सेकंदाला अर्धा मीटर वाहणारा प्रवाह हा नवशिक्यासाठी चांगलाच जोरदार. त्या वेगानेही एक मैल कापायला पाऊण तासाहून अधिक वेळ लागेल. या वाटेवर तो थेंब लाटांनी ढवळून विरत जातो. शिवाय वास फक्त प्रवाहाच्या दिशेने जातो, त्यामुळे वरच्या बाजूला चार हातांवर असलेल्या शार्कलाही त्याचा पत्ता लागत नाही. एक थेंब म्हणजे साधारण 0.05 मिलिलिटर. 50 हजार लिटरच्या तलावात तो टाकला तर प्रमाण झालं अब्जात एक, आणि समुद्राला तर तलावासारख्या भिंतीही नाहीत.

शार्कचं नाक मुळात किती तिखट असतं, हेही मोजलं गेलं आहे. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातल्या ट्रिशिया मेरेडिथ आणि स्टीफन काजिउरा यांनी शार्क आणि पाकटांच्या पाच जातींवर केलेला अभ्यास 2010 मध्ये ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. रक्तामांसात असणाऱ्या अमिनो आम्लांची किती सौम्य द्रावणं या प्राण्यांना जाणवतात, हे त्यांनी तपासलं. इतर माशांचं नाक जिथवर पोहोचतं, साधारण तिथवरच यांचंही पोहोचतं, असं त्यात दिसलं. हे पटण्यासारखं आहे. समुद्राच्या पाण्यात अमिनो आम्लं कायमच थोडीफार असतात. त्याहून तीक्ष्ण नाक असतं तर शार्कला चोवीस तास सगळीकडून जेवणाचाच वास आला असता.

आता पाळीबद्दल. चार-पाच दिवसांत मिळून साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. अर्ध्या तासाच्या पोहण्यात त्यातलं जाणार ते किती! टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरला तर तेवढंही नाही. (सॅनिटरी पॅड लावून मात्र पाण्यात उतरू नका. तो समुद्राचं पाणी शोषून फुगतो आणि कामाचा राहत नाही. यादीत लिहायचंच असेल तर हे लिहा.)

तरीही मनात धाकधूक असेल, तर नोंदी पाहा. अमेरिकेतल्या फ्लोरिडा म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये ‘इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल’ सांभाळली जाते. तिच्यात सोळाव्या शतकापासूनच्या घटना आहेत, आणि पाळीमुळे हल्ल्याची शक्यता वाढते असा पुरावा त्यात नाही. शार्क चावलेल्यांमध्ये पुरुषांची संख्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त आहे. युजिनी क्लार्क 1922 साली जन्मल्या आणि नव्वदी ओलांडल्यावरही डायव्हिंग करत होत्या. शार्कच्या अभ्यासात सारा जन्म घालवलेल्या या बाईंनी दर महिन्याला चार दिवस सुट्टी घेतली असती, तर आज शार्कबद्दल जे माहीत आहे त्यातलं बरंच माहीत नसतं. पोटात दुखत असेल, थकवा असेल, तर पाण्यात जाऊ नये. ते जिचं तिने ठरवावं. शार्कचं कारण मध्ये आणू नये.

मग शार्क कशाने येतो? माशाचं रक्त, आतडी, फेकलेलं मासळीचं उरलंसुरलं यांनी येतो, यात शंका नाही. मालदीवमध्ये अलिमथा बेटाच्या धक्क्याजवळ रात्री नर्स शार्कची झुंबड उडते, ती तिथे त्यांना वर्षानुवर्षं खायला मिळत आल्यामुळे. आणि शार्क येतो आवाजाने. डोनाल्ड नेल्सन आणि सॅम्युएल ग्रुबर यांनी 1963 मध्ये ‘सायन्स’मध्ये एक प्रयोग मांडला होता. तडफडणाऱ्या माशासारखा खालच्या पट्टीतला, तुटक धडधडता आवाज त्यांनी पाण्याखाली वाजवला आणि शार्क आले. रक्ताचा थेंबही तिथे नव्हता. पाण्यात आवाज सेकंदाला दीड किलोमीटर जातो, वासाला तेवढंच अंतर कापायला तास लागतो. म्हणून पाण्यात घाबरून हातपाय झाडू नका, हे सांगणं योग्य आहे. ते बायकांना आणि पुरुषांना सारखंच लागू आहे.

आणि हा आलेला शार्क असतो तरी कोण? मालदीवच्या उथळ लगूनमध्ये नवशिक्याला भेटतो तो बहुधा काळ्या टोकांचा रीफ शार्क. पाठीवरच्या पराचं टोक शाईत बुडवल्यासारखं. धिवेही भाषेत शार्कला ‘मियारू’ म्हणतात. पूर्ण वाढलेला हा मियारू दीड मीटरच्या आसपास, पिल्लं हातभर. ती घोटाभर पाण्यात किनाऱ्यालगत फिरतात आणि तुमची सावली पडली तरी पळतात. मालवणात मोरीचं मटण मिटक्या मारत खाणारी माणसं इथे त्याच गोतावळ्यातल्या पिल्लाला पाहून किंचाळतात, हे मी पाहिलं आहे. उथळ पाण्यातून चालणाऱ्यांच्या पायाला या जातीने चावल्याच्या थोड्या घटना आहेत, पण तिच्यामुळे माणूस दगावल्याची नोंद नाही. सगळ्या जाती आणि सगळं जग धरलं, तर माणसाने डिवचलेलं नसताना शार्क चावल्याच्या 2024 मधल्या नोंदी 47, त्यांतले मृत्यू 4.

‘डिवचलेलं नसताना’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नर्स शार्क गरीब असतो, म्हणून लोक त्याला कुरवाळतात, शेपूट धरतात, फोटोसाठी मिठी मारायला जातात. हा प्राणी भक्ष्य शोषून तोंडात ओढतो आणि एकदा धरलं की लवकर सोडत नाही. ‘शार्क खातो’ हा गैरसमज गेला आणि त्याच्या जागी ‘शार्क म्हणजे पाळीव कुत्रा’ हा आला, तर काय मिळवलं? हात स्वतःजवळ ठेवा, पाठलाग करू नका, त्याची बाहेर जायची वाट अडवू नका. खोल कडेला करड्या रंगाचा रीफ शार्क दिसला आणि त्याने पाठ कमानीसारखी वाकवून, छातीचे पर खाली पाडून, अंग वेडंवाकडं झुलवत पोहायला सुरुवात केली, तर तो ‘लांब व्हा’ म्हणतो आहे. ही देहबोली 1973 सालापासून शास्त्रीय लेखनात नोंदलेली आहे. पाठ न फिरवता हळूहळू मागे सरकायचं.

बाकीच्या समजुती भराभर निकालात काढते. शार्क थांबला की मरतो : नाही, पांढऱ्या टोकांचा रीफ शार्क दिवसभर कपारीत पडून राहतो आणि तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून सोडतो. शार्कला कर्करोग होत नाही : होतो, गाठींच्या नोंदी आहेत, आणि त्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या शार्कच्या कूर्चेच्या गोळ्यांनी कुणाचा कर्करोग बरा झालेला नाही. डॉल्फिन दिसले म्हणजे शार्क नाहीत : दोघेही एकाच माशांच्या थव्यामागे असू शकतात. चकाकणारे दागिने काढून ठेवा : हे मात्र ऐका, चमक माशाच्या खवल्यासारखी दिसू शकते, आणि खडकात पडलेलं पैंजण परत मिळत नाही. शार्क कमी झाले तर समुद्र सुरक्षित होईल : 2020 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या पाहणीत 58 देशांतल्या 371 प्रवाळभिंतींपैकी जवळजवळ पाचव्या हिश्श्यात एकही शार्क दिसला नाही, आणि त्या जागा कुणासाठी अधिक सुरक्षित झालेल्या नाहीत, फक्त ओसाड झाल्या आहेत. मालदीवने 2010 मध्ये आपल्या सगळ्या समुद्रात शार्कच्या मासेमारीवर बंदी घातली, म्हणून आज आपण तिकीट काढून ते पाहायला जाऊ शकतो.

फुलिधूहून परतताना त्या मुलीने मला ती सूचनांची यादी फोनवर दाखवली. पाळीची ओळ ठळक अक्षरात होती. प्रवाहाबद्दल मात्र यादीत एक शब्द नव्हता, आणि स्नॉर्केलिंग करताना माणसं मरतात ती बुडून. दोन प्रवाळभिंतींच्या मधल्या खिंडीला धिवेहीत ‘कंडू’ म्हणतात. भरती-ओहोटीचं पाणी तिच्यातून नदीसारखं वाहतं आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही बाहेर खेचून नेतं. स्नॉर्केलमध्ये पाणी गेलं, नवशिका गोंधळला, तर तो हाकही मारत नाही. तोंड पाण्यात ठेवून तरंगणारा माणूस मासे बघतोय की बेशुद्ध आहे, हे बोटीवरून कळत नाही. म्हणून जोडीदाराशिवाय उतरू नका. लाइफ जॅकेट घालायला लाजू नका. धाप लागली, छाती भरून आली, तर लगेच उताणे व्हा, मास्क वर करा, हात उंचावा. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर जाण्याआधी डॉक्टरांशी बोला. पाठ उन्हात भाजते, लांब बाह्यांचा टीशर्ट घाला. आणि बोटीतून उतरण्याआधी गाइडला हे विचारा : आत्ता पाणी कुठून कुठे वाहतंय, कंडू इथून किती लांब आहे, आणि मी वाहून जायला लागले तर बोट मला कोणत्या बाजूने घ्यायला येईल?