यंत्राचा गारवा, माणसाचा उकाडा

१९८९ साली आमच्या पुण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर रूमच्या दारावर पाटी होती: ‘पादत्राणे बाहेर काढावीत’. आत जाड पडदे, एसीची घरघर आणि देवळासारखी शांतता. एप्रिलच्या दुपारी प्रोग्रॅम लिहायला कमी आणि गार व्हायलाच जास्त पोरं जमत. प्राचार्यांच्या डोक्यावरसुद्धा साधा पंखा होता. एसी यंत्रासाठी, आम्ही त्याचे आश्रित.

हा मान जुनाच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक या कॉम्प्युटरमध्ये २,७०० व्हॉल्व्ह होते, आणि व्हॉल्व्ह म्हणजे आत तार तापलेला छोटा दिवाच. अमेरिकेतल्या १९४६च्या एनिॲकमध्ये तर ते सुमारे १८,००० होते. वीज दीडशे किलोवॉट, आणि ती सगळी शेवटी उष्णताच; गारवा हवाच.

यंत्र आणि गारवा ही जोडी फुटली ती कॉम्प्युटर घरी आला तेव्हा. १९९६ साली आम्ही पेंटियम घेतला. चिपची उष्णता दहा-पंधरा वॉट, वर चिमुकला पंखा. खरा तापायचा तो बोजड मॉनिटर. पावसाळ्यात न वाळणारे मोजे त्याच्या मागे टांगले की खडखडीत. यंत्राला आता एसी लागत नव्हता. आपला ताप ते पंख्याने आमच्या अंगावर ढकलत होतं.

पुढे चिपांचा वेग वाढला आणि तापही. २००४ पर्यंत पेंटियम-४ शंभर वॉटच्या घरात गेला. त्याच वर्षी इंटेलने चार गिगाहर्ट्झचा बेत सोडला आणि एका चिपमध्ये दोन गाभे बसवायचा रस्ता धरला. चपटे मॉनिटर आले. खोली काही वर्षं सुखावली. मोजे मात्र ओलेच राहू लागले.

मग आली ग्राफिक्स कार्डं. २०२२ सालचं आरटीएक्स ४०९० एकटंच ४५० वॉटपर्यंत वीज खातं. आमच्या चिरंजीवांचं कार्ड त्याहून धाकटं, तरी खेळ रंगला की सगळं मिळून पाचशे वॉट. त्याने पाण्याचा कूलर बसवला आणि चिप किती गार झाली ते कौतुकाने दाखवलं. ‘मग खोली का तापते?’ आता काय सांगणार! पाणी, नळ्या, रेडिएटर हे सगळे हमाल. माल तेवढाच, उतरतो खोलीतच. पाचशे वॉट म्हणजे पाच माणसं बसल्यासारखं. दहा बाय बाराच्या बंद खोलीतली नुसती हवा धरली, तर सव्वा मिनिटात एक अंश वाढावा. भिंती आणि फरशी बरंचसं पिऊन घेतात म्हणून निभावतं, आणि रात्री यंत्र बंद केल्यावर तेच परत ओकतात.

कार्डाची वीजमर्यादा चतुर्थांशाने उतरवून पाहिली. खेळातला फरक त्याला जाणवला नाही, उकाडा थोडा उतरला. खिडकीत एक्झॉस्ट फॅन लावला, तो मात्र खरा कामाचा; मालाला निदान घराबाहेर काढतो. पण मे महिना तो मे महिना. अखेर त्या खोलीत एसी बसला.

हल्ली दुपारी आई जपमाळ घेऊन तिथेच जाऊन बसते. चपला बाहेर काढून.