क्यूब सोडवायची पद्धत आली कुठून?

क्यूब आता गोंदियाच्या बाजारातही मिळतो, आणि पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघून तो सोडवतात. पण व्हिडिओ नव्हते तेव्हा पहिल्या माणसाने कुणाचं बघून सोडवला?

कुणाचंच नाही. १९७४ साली हंगेरीत बुडापेस्टला एर्नो रुबिक यांनी क्यूब बनवला, फिरवला, आणि रंग काही जागेवर येईनात. ४३ वर १८ शून्यं, साधारण इतक्या रचना होतात. नुसतं फिरवत बसून जमणारच नव्हतं. त्यांना जवळजवळ महिना लागला. त्यांनी आधी आठ कोपरे धरले. खरी अडचण अशी, की एक तुकडा बसवायला गेलं की बसलेले उठतात. म्हणून ते अशा चाली शोधत गेले, ज्यात थोडेच तुकडे हलतील.

आपल्या गोंदिया जंक्शनला शंटिंग बघितलंय ना? डबे बाजूच्या रुळावर घ्यायचे, काम करायचं, परत आणून जोडायचे. तसंच हे. क्यूब असेल तर पॉज करा. उजवी बाजू वर, वरचा थर डावीकडे, उजवी खाली, वरचा थर परत उजवीकडे. केलेलं सगळं उलटं केलं असं वाटतं, पण क्रम बदललाय. म्हणून २० हलत्या तुकड्यांपैकी फक्त ७ बिघडतात. हेच लागोपाठ तीनदा करा: कडा जागेवर येतात, फक्त कोपऱ्यांच्या दोन जोड्या अदलाबदल होतात. सहादा केलं की सगळं पूर्ववत! मला तर यातच अख्खा क्यूब दिसतो.

पुढे लंडनचे गणितज्ञ डेव्हिड सिंगमास्टर यांनी १९७९मध्ये प्रत्येक बाजूला एकेक अक्षर दिलं, त्यामुळे चाली कागदावर लिहिता यायला लागल्या. १९८१मध्ये पॅट्रिक बॉसर्ट या इंग्लंडच्या शाळकरी पोराचं पुस्तक लाखांनी खपलं. त्याच सुमारास मॉर्वेन थिसलथ्वेट यांनी कॉम्प्युटरच्या मदतीने चार टप्पे पाडले: प्रत्येक टप्प्यानंतर काही बाजू फक्त अर्धा फेराच फिरवायच्या. जास्तीत जास्त ५२ चाली. (प्रोग्रामर लोकांनो, मोठा प्रश्न तोडून छोटा करणं ते हेच.) माणसाच्या डोक्याला मात्र ते जड जातं.

आज स्पर्धेत चालते ती पद्धत जेसिका फ्रिड्रिख यांच्या नावाने ओळखली जाते. १९८२च्या बुडापेस्ट स्पर्धेत त्या दहाव्या आल्या होत्या, आणि १९९७मध्ये त्यांनी ती इंटरनेटवर टाकली. कोपरा आणि कड जोडीने बसवताना त्यातही आपल्या त्या चार चाली सतत येतात.