स्वस्तातले कॅबिनेट घेताना

मुलामुलींसाठी सुटे भाग आणून संगणक जोडून घेणारी कुटुंबे प्रोसेसर, मेमरी यांची चौकशी कसून करतात. कॅबिनेट, म्हणजे बाहेरचा डबा, मात्र दुकानदार देईल तो घेतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काच आणि रंगीत दिवे लावलेली कॅबिनेटे नजरेत भरतात. पण पुढची बाजू काचेने बंद असेल तर हवा शिरणार कोठून? आपल्या उन्हाळ्याला जाळीदार तोंडाचे साधे कॅबिनेटच बरे. पुढे हवा आत घेणारा १२० मिलिमीटरचा एक पंखा, मागे बाहेर टाकणारा एक. घरच्या कामाला एवढे पुरे.

कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या एसएमपीएसवर भिस्त ठेवू नये. वीज पुरवणारा हा भाग हलका निघाला तर जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो. दिव्यांचे पैसे वाचवून तो चांगला, वेगळा घ्यावा. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ मिलिमीटर लांब-रुंद असतो. तो बसेल का, ग्राफिक्स कार्डाची लांबी मावेल का, हे पैसे देण्याआधी विचारावे.

जोडताना बोर्डाखालचे पितळी टेकू त्याच्या भोकांशी जुळवून पाहा. एखादा भलत्या जागी राहिला तर शॉर्ट होण्याचा धोका. मागची पत्र्याची पट्टी सुटी असेल तर बोर्डाआधी बसवा, नाहीतर सगळे पुन्हा खोलणे आले. स्वस्त पत्र्याच्या कडा बोट कापतात, मुलांना सांगून ठेवा. आणि घरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या.