हलगीची सम आणि 'ऑब्सेशन ७७'

प्रतिनिधी
जेऊर (जि. सोलापूर) : पुणे-सोलापूर लोहमार्गावर दौंड मागे पडल्यावर आणि कुर्डुवाडी येण्यापूर्वी जेऊर लागते. करमाळा तालुक्यातील या गावाचे नाव शहरातील वाचकांच्या ओठी आले ते दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्यामुळे. लग्नसराईत या भागातून वरात निघाली की पुढे हलगी कडाडते आणि मागे हातगाडीवर बेंजोपार्टी सूर धरते. या वरातीकडे बारकाईने पाहिले, तर एका परदेशी संगीतप्रकाराचे मर्म उमगण्यास मदत होते. तो प्रकार म्हणजे 'फंक'.

फंक ही अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी १९६०च्या दशकात घडवलेली शैली. जेम्स ब्राऊन हा तिचा आद्य शिल्पकार. त्यापूर्वीच्या लोकप्रिय संगीतात चार मात्रांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर असे. ब्राऊनने तो पहिल्या मात्रेवर आणला. १९६५ मधील 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' या गाण्यात ही दिशा स्पष्ट दिसते आणि १९६७ मधील 'कोल्ड स्वेट'मध्ये ती पक्की होते. पहिल्या मात्रेला त्याचे वादक 'द वन' म्हणत. आपल्याकडे त्यासाठी नवा शब्द शोधण्याचे कारण नाही. तीच आपली सम!

समेनंतरची गंमत मात्र वेगळी आहे. फंकमध्ये गिटार सूर लांबवत नाही, ती तुटक ठोके देते. बेस गिटार गाण्याचा कणा होते. तुतारीसारखी पितळी वाद्येही तालाचेच काम करतात. थोडक्यात, सारे वाद्यवृंद एक मोठा ताशा होतो. गाणे पुढे सरकत नाही, एकाच जागी घुमत राहते आणि ऐकणाऱ्याचे पाय हलू लागतात. हलगीवाल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. 'सैराट'मधील 'झिंगाट' हे काही फंक नव्हे. परंतु २०१६ मध्ये त्याने महाराष्ट्राला ज्या रीतीने नाचवले, त्यामागे समेवरचा हाच विश्वास होता.

आता प्रश्न तबकडीचा. रस्त्यावर किंवा क्लबात वाजणारे संगीत त्या रात्रीपुरते असते. बँडचा पहिला स्टुडिओ अल्बम हा त्याच्या अस्तित्वाचा दाखला. तो निघाला नाही तर दहा वर्षांच्या मेहनतीची आठवण तेवढी उरते, आणि ती आठवण सांगणाऱ्यांबरोबर संपते. महाराष्ट्रात याचे बोलके उदाहरण म्हणजे मुंबईतील 'अॅटॉमिक फॉरेस्ट' हा बँड.

१९७०च्या दशकात कीथ कांगा या बेस गिटारवादकाभोवती हा बँड उभा राहिला. त्या काळी मुंबईत इंग्रजी गाणी वाजवणारे बँड होते, त्यांना ऐकणारे रसिकही होते. नव्हती ती ध्वनिमुद्रिका. तबकड्यांचा बाजार चित्रपटगीते, भक्तिगीते आणि शास्त्रीय संगीताचा. सिगारेट कंपनीच्या आश्रयाने भरणाऱ्या 'सिमला बीट' स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ च्या तबकड्यांवर अनेक बँडना एखाद्या गाण्यापुरती जागा मिळाली, त्यावरच बहुतेकांनी समाधान मानले. संपूर्ण अल्बमचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले.

'अॅटॉमिक फॉरेस्ट'ला ते लाभले, पण उशिरा. 'ऑब्सेशन ७७' हे अल्बमचे नाव. 'म्युझिक इंडिया'ने तो बाजारात आणला १९८१ मध्ये. नावातील साल आणि प्रकाशनाचे साल यांतील चार वर्षांच्या अंतरातच या बँडची शोकांतिका दडलेली आहे. तोवर बँड विखुरला होता. नाचाची आवडही बदलली होती : १९८१ हे नाझिया हसनच्या 'डिस्को दीवाने'चे वर्ष. बरीचशी परदेशी गाण्यांची रूपे आणि जोडीला शीर्षकाची दमदार धून असलेल्या या तबकडीकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे जुन्या तबकड्या धुंडाळणाऱ्या परदेशी संग्राहकांच्या हाती ती लागली आणि २०११ मध्ये लॉस एंजलिसच्या 'नाऊ-अगेन' या कंपनीने बँडचे संगीत नव्याने प्रसिद्ध केले. आपल्या मातीत झालेले काम तीस वर्षांनी परक्यांनी उचलून दाखवावे, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

मराठी वाचकाला या बँडशी जोडणारा एक धागा आहे. आत्माराम आणि आशा भेंडे या रंगकर्मी दाम्पत्याचे चिरंजीव नंदू भेंडे या बँडमध्ये गात असत. अॅलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये रंगमंचावर आणलेल्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्यांनी ज्युडास साकारला. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त ते अंकुश झाले. १९७८ मध्ये थिएटर अॅकॅडमीने सादर केलेल्या या नाटकाचे दिग्दर्शक होते डॉ. जब्बार पटेल, म्हणजे याच लोहमार्गावरील दौंडमध्ये वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉक्टर. रॉकची तयारी असलेला गळा आणि तमाशाचा बाज या नाटकात एकत्र नांदले. भेंडे यांचे २०१४ मध्ये निधन झाले. मुंबईच्या क्लबांतील ती गाणी मराठी रंगभूमीपर्यंत पोहोचली ती अशा आडवाटेने.

जेऊर परिसरातील ताल मोठ्या पडद्यावर गेला तो मात्र थेट. जवळच्याच केम गावचा सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा मुलगा मंजुळे यांच्या नजरेत भरला आणि 'फँड्री'चा जब्या झाला; त्या भूमिकेसाठी त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. 'सैराट'साठी तर अजय-अतुल यांनी लॉस एंजलिसच्या सोनी स्टुडिओत पाश्चात्त्य सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. हे वैभव चित्रपटाचे. ज्या वादकांच्या पिढ्यांनी हा ताल जत्रेत, कुस्तीच्या फडात आणि वरातीत सांभाळला, त्यांच्या नावाची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका दुकानात मागून पाहावी. विक्रेता बहुधा लग्नाच्या गाण्यांचा संच पुढे करील. यात जातीचाही भाग आहे. हलगी वाजवण्याचे काम गावगाड्याने ज्या समाजांवर सोपवले, त्यांना बिदागी मिळाली, मानकऱ्यांत स्थान मिळाले नाही. फंकच्या वादकांची कथाही फार वेगळी नाही. जेम्स ब्राऊनचा ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड याचा 'फंकी ड्रमर'मधील काही सेकंदांचा ताल पुढे शेकडो गाण्यांत उचलला गेला. गीतकारांत नाव नसल्याने त्याच्या पदरी त्यातून जवळपास काहीच पडले नाही. तो २०१७ मध्ये निवर्तला.

हलगीवादकांचा असा अल्बम काढायचा, तर पहिली अडचण तांत्रिकच आहे. स्टुडिओत प्रत्येक वाद्याला निराळा ध्वनिग्राहक लागतो, तसेच एकच तुकडा मनाजोगता येईपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवावा लागतो. हलगीचे कातडे दमट हवेत सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून वादक वरात थांबली की कडेला कागद, पाचट पेटवून तिला शेक देतात. कातडे ताणले गेले की टिपरू पुन्हा टणत्कार करते. वातानुकूलित, बंदिस्त स्टुडिओत जाळ करता येत नाही. तेथे मधूनमधून विजेच्या शेगडीवर हलगी तापवून घेणे, हा एक मार्ग उरतो.