चुकीच्या आराखड्याची बोट

इंग्लंडहून टपालाने आराखडे आले, पण ते मागवलेल्या बोटीचे नव्हतेच. 1960च्या दशकाची ही सुरुवात. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटींवर मुंबई ते आखाती बंदरं अशा फेऱ्या करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण अधिकाऱ्याला आणि त्याच्या सोबत्यांना स्वतःची शिडाची बोट बांधून घ्यायची होती. हाती पडला तो विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन माणसाने 1920च्या दशकात काढलेला ‘एरिक’ नावाचा आराखडा. त्याचंही मूळ आणखी मागे, नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने वादळात सापडलेल्या मच्छीमारांसाठी काढलेल्या बचावबोटींत. पुढचं टोक निमुळतं तसंच मागचंही, पोट रुंद, कणा नाळेपासून सुकाणूपर्यंत सलग. बळकट, पण चालीला सुस्त. पुन्हा पत्र पाठवून वाट बघत बसण्यापेक्षा त्यांनी हीच बोट बांधायला घेतली.

ती कुलाब्याला सागवानात बांधली गेली. इथले सुतार वाकसाने लाकूड तासत होते, दोरीच्या सामत्याने भोकं पाडत होते. मुंबईला सागवानी जहाजं नवी नव्हती. वाडिया घराण्याने 1817मध्ये इथेच बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. त्या मानाने 32 फुटांची ही बोट म्हणजे किरकोळ काम. फळ्या सागाच्या असल्या तरी त्या जोडणारे खिळे-स्क्रू मात्र लोखंडाचे होते, आणि त्याचा हिशेब पुढे अर्ध्या शतकाने चुकता करावा लागला. 1964च्या अखेरीस नाळेवर नारळ फुटला आणि बोट पाण्यात उतरली. आखातातल्या आग्नेय वाऱ्याला अरब खलाशी ज्या नावाने ओळखतात, ते ‘सुहैली’ हे नाव तिला मिळालं.

सुहैलीची गोष्ट सांगताना लोक बहुधा थेट 1968वर उडी मारतात. मला त्याआधीची एक गोष्ट महत्त्वाची वाटते: मालक नॉक्स-जॉन्स्टनलाच ती विकायची होती. मुंबईहून निघून, वाटेत दक्षिण आफ्रिकेत नोकरी करून, केपटाऊनहून सलग प्रवासाने तो इंग्लंडला पोहोचला. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची हे मनाने घेतलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मोठी पोलादी बोट होती. तिच्यासाठी पैसे उभे राहिले नाहीत आणि सुहैलीला गिऱ्हाईक मिळालं नाही. मग तो होती तीच बोट घेऊन निघाला. पुढे या बोटीवरच्या प्रेमाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. सुरुवातीला त्यात प्रेमापेक्षा नाइलाजच अधिक होता, आणि त्याने गोष्टीला काही उणेपणा येत नाही.

‘संडे टाइम्स’ने जाहीर केलेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी तो 14 जून 1968ला फाल्मथहून निघाला. स्पर्धक एकूण नऊ. थोड्याच आठवड्यांत, केप व्हर्दे बेटांच्या दक्षिणेला, बोटीत पाणी जास्तच येऊ लागलं. मुखवटा लावून त्याने खाली बुडी मारली, तर कण्यालगतच्या फळीची फट बोट डुलेल तशी उघडत-मिटत होती. दोन्ही बाजूंना तीच गत. गोदीत हे काम सोपं असतं. बोट वर ओढायची, फटीत कापूस ठोसायचा, वरून लांबी भरायची. इथे ते पाण्याखाली, श्वास टिकेल तेवढ्या वेळात, हेलकावणाऱ्या बोटीला धरून करायचं होतं. ठोसलेला कापूस पुढची बुडी मारेपर्यंत बाहेर यायचा. शेवटी त्याने कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर लावलं, तांब्याच्या बारीक चुका आधीच टोचून ठेवल्या आणि ती पट्टी फटीवर ठोकली. तिच्यावर तांब्याची पट्टी बसवली. मध्येच एक शार्क घोटाळू लागला. त्याची पुढची चाल कळेना, तेव्हा बंदूक काढून गोळी घातली आणि मग काम पुढे सरकलं. दुसरी बाजू करायला समुद्र निवळण्याची वाट पाहावी लागली. गळती पूर्ण थांबली नाही, पण पंप पुरा पडेल इतकी खाली आली.

लाकडी बोट म्हणजे काय, हे मला या प्रसंगात सर्वांत नीट दिसतं. ती गळते, कुरकुरते, जुन्या वाड्यासारखी सतत काहीतरी मागत राहते. पण तिचं दुखणं हातोडी, कापूस आणि चुका असलेल्या माणसाच्या आवाक्यातलं असतं.

अर्थात डागडुजीलाही मर्यादा असते, आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण महासागराने ती दाखवली. एका लाटेने सुहैली पार आडवी पडली. सावरली तेव्हा केबिन तिच्या जागेवरून सरकलेली होती आणि कडेने भेगा पडल्या होत्या. तशीच आणखी एक लाट आली तर केबिन उचलून नेईल आणि खाली सहा फुटांचं उघडं भगदाड राहील, ही भीती खरी होती. त्याने जास्तीचे बोल्ट घालून ती आवळली. टाक्यांतलं गोडं पाणी खराब झालं, म्हणून पावसावर भिस्त. रेडिओ बंद पडला. वाऱ्याच्या जोरावर बोटीला आपोआप वळण देणारं यंत्र आधी मोडलं आणि ऑस्ट्रेलियाच्या आसपास कायमचं गेलं.

इथे चुकून आलेला आराखडा कामाला आला. सलग कण्यामुळे आणि दोन डोलकाठ्यांवर वाटल्या गेलेल्या शिडांमुळे शिडं नीट तोलली की सुहैली सुकाणूला हात न लावताही बराच वेळ दिशा धरून चालायची. वादळात तो पाठीमागून जाड दोराची शेकडो फुटांची मोठी फेरी पाण्यात सोडी. तिच्या ओढीने बोटीचा वेग मर्यादेत राही, निमुळतं मागचं टोक लाटांकडे राही आणि लाट आपटण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी जाई. सपाट, रुंद मागाच्या बोटीला हे इतकं सहज जमलं नसतं.

न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ नोव्हेंबरमध्ये तो एका पत्रकाराला भेटला. त्यानंतर अनेक महिने त्याची खबर नाही. 17 जानेवारी 1969ला त्याने केप हॉर्न ओलांडलं. एप्रिलमध्ये अझोर्सजवळ एका तेलवाहू जहाजाने त्याला पाहिलं, आणि 22 एप्रिलला तो फाल्मथला परतला. 312 दिवस, 30,000 मैलांहून जास्त, सरासरी वेग चार नॉटच्या आसपास. बाकीच्या आठांपैकी एकही जण शर्यत पूर्ण करू शकला नाही. नायजेल टेटलीची वेगवान तीन-पोटी बोट शेवटच्या टप्प्यात फुटून बुडाली. बर्नार्ड म्वातेसिए शर्यत सोडून ताहितीकडे निघून गेला. गाझियाबादला जन्मलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टने खोट्या नोंदी पाठवल्या आणि अखेर तो समुद्रातच नाहीसा झाला. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबासाठी दिले.

पुढची वर्षं भराभर सांगता येतात. 1991मध्ये ही बोट गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनला घेऊन ग्रीनलंडला गेली. 1997मध्ये तिला ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात सन्मानाने ठेवलं गेलं, आणि तो सन्मान तिला जवळजवळ भोवला. कोरड्या हवेत सागाच्या फळ्या आकसू लागल्या. 2002मध्ये मालकाने तिला परत नेलं. मग स्वतःच्या हाताने, अनेक वर्षं लावून, त्याने गंजलेलं लोखंड काढून काशाचे स्क्रू बसवले. 2016मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरली. केप हॉर्नने जे केलं नाही ते संग्रहालयाच्या छपराने केलं असतं.

या बोटीचा भारताशी संबंध कुलाब्यावरच संपला नाही. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे यांना 2009-10च्या ‘म्हादेई’ सफरीपूर्वी नॉक्स-जॉन्स्टनकडूनच धडे मिळाले. म्हादेई गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधली होती. मूळ शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त 2018मध्ये ती जुन्याच पद्धतीने पुन्हा घ्यायचं ठरलं, तेव्हा तीत उतरणाऱ्या अभिलाष टॉमी यांच्यासाठी दांडेकरांनी सुहैलीच्याच आराखड्यावर ‘थुरिया’ बांधली.

इथे सुहैलीभक्तांची पंचाईत होते. 21 सप्टेंबर 2018ला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात थुरिया उलटली, डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना सोडवलं. त्याच वादळात सोबतच्या आयरिश स्पर्धकाच्या बोटीचीही डोलकाठी गेली. आराखडा तोच, बांधणी कसबी आणि नाविक मुरलेला. तरीही जे घडायचं ते घडलं. 1968मध्ये त्या केबिनवर दुसरी लाट आली नाही, हे नशीबही हिशेबात धरायला हवं. टॉमींना वाचवलं ते उपग्रहावरून गेलेल्या संदेशाने आणि त्यांचा शोध घेणाऱ्या विमानांनी. ती सोय नॉक्स-जॉन्स्टनला नव्हती. न्यूझीलंडनंतर तो बुडाला असता तर कुठे, हेही कोणाला कळलं नसतं.

टॉमी पाठीत धातूच्या सळ्या घेऊन 2022च्या शर्यतीत पुन्हा उतरले. या वेळी बोट फायबरग्लासची होती, ‘बायानात’. एप्रिल 2023मध्ये ते दुसरे आले. पहिली आलेली कर्स्टन नॉयशेफर आणि ते, दोघांच्याही बोटी प्लास्टिकच्या. पण दोन्हींचा कणा, सुहैलीसारखाच, लांब.