पाच अमावस्यांचं पिल्लू

नांदेडहून लातूरकडे निघालं की लोहा मागे पडतं आणि माळेगाव येतं. एरवी साधंच गाव. पण मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला इथे खंडोबाची यात्रा भरते आणि माळावर जनावरांचं गावच्या गाव उभं राहतं. लाल कंधारी आणि देवणी बैल, घोडे, गाढवं, उंट आणि त्यांच्या गर्दीत दोरीला धरलेले, लांबट तोंडाचे, बारीक कमरेचे उंच कुत्रे. इथल्या पशुप्रदर्शनात बैल-घोड्यांबरोबर कुत्र्यांनाही जागा असते. ते साहजिकही आहे. देवघरातल्या टाकावरचा खंडोबा घोड्यावर असतो आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो. खंडोबाचे वाघ्येही स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेत आले आहेत.

या बाजारात खोंड विकत घेणारा शेतकरी पाहण्यासारखा असतो. तो ओठ उचलून दात बघतो: आदत आहे, दुसा आहे की चौसा. खूर बघतो, कातडी चिमटीत धरून सोडतो, चार पावलं चालवून बघतो. तासभर जातो. तोच शेतकरी पिल्लू घेतो तेव्हा मात्र कान आणि रंग बघून पाच मिनिटांत पिशवीत घालतो. मराठवाड्याच्या हाताला जनावर कळतं. त्या हाताची नजर दारातल्या कुत्र्यापर्यंत पोहोचली, तर कुत्र्याचं निम्मं आजारपण टळेल.

त्यासाठी वेगळं कॅलेंडरही लागत नाही. दोन अमावस्यांमध्ये साडेएकोणतीस दिवस असतात, म्हणजे चार आठवडे आणि वर एखाद-दुसरा दिवस. पिल्लाची जंताची औषधं, लसी, दात आणि शिकवणी यांच्या मुदतीही साधारण चार-चार आठवड्यांच्या टप्प्यांत बसतात. समजा, लक्ष्मीपूजनाच्या रात्री गोठ्याच्या कोपऱ्यात कुत्री व्यायली.

आश्विन

पिल्लं जन्मतात ती डोळे-कान मिटलेली. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात. तोवर त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, म्हणून कार्तिकातल्या थंडीत कोरडं गोणपाट आणि आडोसा हेच त्यांचं पहिलं औषध. पहिल्याच दिवशी आईचा चीक पोटात गेला पाहिजे. रोगाशी लढण्याची सुरुवातीची ताकद त्यातून मिळते. आई दगावली तर नुसतं गाईचं दूध पुरत नाही. कुत्रीच्या दुधात प्रथिनं आणि स्निग्धांश गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात. अशा पिल्लांसाठी तयार दुधाची पावडर मिळते, ती डॉक्टरांना विचारून आणावी.

आणि ही रात्र फटाक्यांची असते. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला 45,000 हर्ट्झच्या आसपासचा. भेदरलेली कुत्री पिल्लं तोंडात धरून जागा शोधत फिरते, किंवा दोर तोडून पळते आणि रस्ता चुकते. मोठ्या कुत्र्यांना दिवस मावळायच्या आत फिरवून, खाऊ घालून आतल्या खोलीत ठेवावं. पंखा किंवा रेडिओ चालू असावा, गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचा फोन नंबर असावा. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे. रागावल्यानं मात्र ती नक्की वाढते. ज्याला दरवर्षी कापरं भरतं, त्याच्यासाठी दिवाळीच्या आधीच डॉक्टरांकडून औषध घेऊन ठेवता येतं.

वसुबारसेला आपण गाय-वासराला ओवाळतो. नेपाळमध्ये याच दिवसांत, तिहार सणाच्या दुसऱ्या दिवशी, कुत्र्याला टिळा लावून गळ्यात झेंडूची माळ घालतात आणि गोडधोड वाढतात. त्या दिवसाला कुकुर तिहार म्हणतात. आपल्याकडे माळ नसली तरी चालेल; फराळातला कांदा-लसूण, मनुका घातलेली मिठाई आणि चॉकलेट एवढं त्याच्या तोंडापासून दूर राहिलं तरी पुष्कळ. कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, मनुका-द्राक्षांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, चॉकलेटमधल्या द्रव्यानं हृदयाची गती बिघडते.

कार्तिक

कार्तिक अमावस्येला पिल्लू चार आठवड्यांचं होतं. अंगणात लुटूलुटू धावतं आणि पोट मात्र तंबोऱ्यासारखं. लोक म्हणतात, बाळसं धरलं. बहुतेक वेळा ते जंत असतात. आईच्या पोटातून आणि दुधातून ते पिल्लात येतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध द्यायचं, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि पुढे जन्मभर दर तिमाहीला. मात्रा वजनावर ठरते. धान्याच्या तराजूवर पाटी ठेवून पिल्लाचं वजन सहज होतं.

याच सुमारास मनाची खिडकीही उघडते. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वागणुकीचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1965 मध्ये आलं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, हुंगतं, ऐकतं ते त्याला आयुष्यभर आपलं वाटतं, हे अशा अभ्यासांतून दिसलं. या दिवसांत म्हातारी माणसं, लहान पोरं, टोपीवाला, घागर घेऊन जाणारी बाई, ट्रॅक्टर, शेळी हे सगळं त्याच्या ओळखीचं झालं, तर पुढे ते या कशावरही धावून जात नाही. राखणीचं कुत्रं ‘कडक’ व्हावं म्हणून पिल्लाला कोंडून ठेवणारे लोक नेमका याच काळात त्याच्या मनात भित्रेपणा पेरतात. आणि चावणारी कुत्री पुष्कळदा भित्रीच असतात.

मार्गशीर्ष

आता माळेगाव. यात्रेच्या दुसऱ्याच दिवशी वेळा अमावस्या. लातूर जिल्ह्यात ती येळवस असते: शेतात पांडवांची पूजा, आंबील, भज्जी, खीर. दिवाळीतलं पिल्लू या दिवशी आठ आठवडे पुरं करतं. आईपासून वेगळं करायला हे किमान वय. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार त्याहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. त्याआधी उचललेलं पिल्लू भावंडांशी खेळताना शिकायचा धडा चुकवतं: किती जोरात चावलं की समोरचं ओरडतं.

नांदेड-लातूरच्या माळरानाचा खास कुत्रा म्हणजे कारवान, बोलीत कारवानी. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव या कुत्र्यांसाठीच ओळखलं जातं. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास भरतो. छाती खोल, पोट खपाटीला, पाय वेतासारखे. वासापेक्षा नजरेनं पाठलाग करणारी ही जात आहे. कर्नाटकातल्या मुधोळचा हाउंड हा तिचा भाऊबंद. त्याच्यावर 2005 मध्ये भारतीय टपाल खात्यानं तिकीट काढलं.

या बांध्यामुळे दोन चुका होतात. पहिली, बरगड्या दिसल्या की लोक त्याला उपाशी समजतात आणि भाकरीवर तूप ओततात. कारवानच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणं नैसर्गिक आहे. तपास बोटांनी करावा. हाताची मूठ करून दुसऱ्या हाताची बोटं तिच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या तशा टोचल्या तर कुत्रा उपाशी आहे. मग मूठ सोडून उपड्या हाताच्या पाठीवर बोटं फिरवा. हाडं अलगद लागतात, वर पातळ थर असतो, कुत्रा असा असावा. तळव्यावर दाबून हाड शोधावं लागतं, तसं बरगड्यांवर शोधावं लागलं तर तो लठ्ठ झाला आहे. दुसरी चूक, दिवसातून एकदाच पोटभर खाऊ घालून लगेच रानात पळवणं. खोल छातीच्या कुत्र्याचं भरलेलं पोट फुगून पिळलं जाऊ शकतं, आणि मग हातात तासांचाच अवधी असतो. खाणं दोन वेळा विभागावं, पळणं खाण्याआधी ठेवावं. शिवाय अंगावर चरबी कमी असल्यानं भुलीची काही औषधं या बांध्याच्या कुत्र्यांच्या शरीरातून सावकाश उतरतात. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना जात आवर्जून सांगावी.

बाजारात कुणालाही विचारा, “काय खातंय हे?” उत्तर ठरलेलं: “दूध-भाकर.” ज्वारीच्या भाकरीनं पोट भरतं, पण वाढीला ती पुरत नाही. कोरड्या आहारात मोठ्या कुत्र्याला किमान 18 टक्के प्रथिनं लागतात आणि पिल्लाला 22.5 टक्के, ज्वारीत ती दहा टक्क्यांच्या आसपास. उरलेली भर घालायला लातूरसारखी जागा नाही. तुरीच्या डाळीचा आणि सोयाबीनचा मोठा बाजार इथेच आहे. शिजवलेलं वरण, पूर्ण शिजवलेलं सोयाबीन, उकडलेलं अंडं, दही, जमेल तेव्हा कोंबडी. कच्चं सोयाबीन नको. त्यातला एक घटक प्रथिनांचं पचन अडवतो. वरणाला फोडणी, तिखट नको. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाचीही हाडं वाकतात, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. घरच्या जेवणात कॅल्शियम किती घालायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. शिजवलेलं हाड कधीच देऊ नये. त्याचे टोकदार तुकडे होऊन आतडं फाटतं. तीन महिन्यांपर्यंत दिवसाला चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन.

यात्रेतला मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. पार्व्हो हा विषाणू जगाला 1978 मध्ये माहीत झाला. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो जमिनीवर येतो आणि तिथे वर्षभरही टिकतो. उलट्या, दुर्गंधीयुक्त रक्ताची हगवण, आणि लस न घेतलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. म्हणून यात्रेतून आणलेलं पिल्लू पंधरा दिवस घरातल्या इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवावं. पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांत टोचायची. येळवस हीच तिची वेळ. पिल्लाला पुन्हापुन्हा लस का, असं लोक विचारतात. आईच्या चिकातून आलेली ताकद अंगात असेपर्यंत लसीला काम करू देत नाही, आणि ती नेमकी कधी संपते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. म्हणून सोळा आठवडे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस.

पौष

पौष अमावस्येला पिल्लाचे तीन महिने भरतात. आता दुसरा डोस आणि सोबत रेबीजची लस. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी सुमारे 99 टक्के कुत्र्यामुळे होतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच जीव घेतो. 2030 पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा देशानं 2021 मध्ये स्वीकारला आहे. खेड्यात अजूनही चावलेल्या जागी तिखट, चुना, हळद भरतात. त्यानं जखम चिघळते आणि वेळ जातो. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. कातडीत देण्याच्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28. जखम रक्ताळलेली असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं.

शिकवणीचे खरे दिवस हेच. सगळ्यात आधी एकच शब्द पक्का करायचा: “ये.” अंगणात वीस फुटांची सुती दोरी पट्ट्याला बांधावी, उकडलेल्या अंड्याचे हरभऱ्याएवढे तुकडे मुठीत घ्यावेत. पिल्लू मातीत काही हुंगत असताना एकदाच, आनंदी आवाजात हाक मारायची. मान वळली की शाबासकी, पायाशी आलं की तुकडा. नाही आलं तर दोरी ओढायची नाही. उलट्या दिशेनं चार पावलं पळायचं. मागे पळणं त्याच्या रक्तात आहे, ते येतंच. असं पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. आल्यावर कधीच रागवायचं नाही, मग त्यानं चप्पल का फाडलेली असेना. कारवानसाठी हा शब्द जीव वाचवणारा आहे, कारण शेळीमागे किंवा रस्त्यापलीकडच्या मांजरामागे सुटलेल्या या कुत्र्याला पायांनी कुणी गाठू शकत नाही. सशामागे सोडण्याचा जमाना संपला; 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार गुन्हा आहे.

घरात मुतलं म्हणून नाक घासण्याची रीतही सोडायला हवी. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर मुतायचं नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यावं आणि जमलं की तिथेच कौतुक करावं.

माघ

माघ वद्य चतुर्दशी, महाशिवरात्र. लातुरात सिद्धेश्वराची यात्रा सुरू होते आणि पिल्लू सोळा आठवडे ओलांडतं. शेवटचा डोस. पुढे वर्षाच्या वर्षाला.

मग ऊन तापू लागतं. मे महिन्यात इथला पारा सहज चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला पायांच्या गादीखेरीज फारसा घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग थंड करतो. त्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. 106 च्या पुढे गेलं की उष्माघात. अशा वेळी सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि दवाखान्यात न्यायचं. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ती याच लातुरात. टंचाईच्या दिवसांत दारातल्या कुत्र्याचं भांडं सगळ्यांत आधी कोरडं पडतं.

उन्हाबरोबर गोचीड येतो. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवावा. गोचीडतापात कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. गोठ्याची नजर इथे उपयोगी पडते, पण गोठ्यातली बाटली नव्हे. बैलासाठीचं गोचीडनाशक किंवा इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला दिल्यानं विषबाधा होते. शंका आली तर उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे.

राहिली साखळी. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आखूड किंवा जड साखळीनं जनावर अवाजवी वेळ बांधणं गुन्हा आहेच, शिवाय नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला नियमित न फिरवणं हा वेगळा गुन्हा म्हणून लिहिलेला आहे. पळण्यासाठी घडलेला कारवान दिवसभर खुंट्याला राहिला तर तो राखण करत नाही, नुसता भुंकतो.

याच दिवसांत दुधाचे अठ्ठावीस दात पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत बेचाळीस पक्के दात येतात. पडलेले दात पिल्लू बहुतेक गिळून टाकतं. पण शिवरात्रीनंतर एखाद्या सकाळी अंगण झाडताना केरसुणीपुढे तांदळाएवढा पांढरा दात सापडतो. तो हातात घेणाऱ्यानं मग पिल्लाला “ये” म्हणून हाक मारावी, आणि खोंडाचा उचलतात तसा त्याचा ओठ हलकेच उचलून आत बघावं.