मशीन नको, चिमूट हवी

शीव कोळीवाड्यातल्या दीड-दोन खोल्यांच्या घरात कुत्रा पाळायचा तर तो लहानच बरा. त्यामुळे दाढीमिशीवाला, राठ केसांचा टेरिअर अशा घराला सोयीचा वाटतो. मात्र एप्रिलचा उकाडा सुरू झाला की त्याच्या मालकाला एकच सल्ला मिळतो: मशीन फिरवून अंग मोकळं करा. सल्ला आपुलकीचा असला, तरी या कुत्र्यापुरता तो चुकीचा आहे. याच्या अंगावरचे केस कापायचे नसतात, उपटायचे असतात. मुंबईच्या दमट हवेत तर याचं महत्त्व आणखी वाढतं.

या कुत्र्यांच्या अंगावर दोन थर असतात, वर राठ केस आणि खाली मऊ लव. वरचा केस टोकाशी जाड नि गडद, तर मुळाशी बारीक नि फिका असतो. 2009 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनात 80 जातींच्या हजारावर कुत्र्यांची जनुकं तपासली गेली. भुवया, मिशा आणि राठपणा यांचा संबंध आरएसपीओ2 या एकाच जनुकाजवळच्या बदलाशी असल्याचं त्यात दिसलं. अशा कुत्र्यांचे केस गळतातही कमी. गादीवर केस सापडत नाहीत म्हणून मालक खूश असतो. पण वाढ संपलेला केस गळत नाही, म्हणजे तो अंगावरच अडकून राहतो. मशीन त्याचं राठ टोक छाटतं आणि मऊ खुंट मागे ठेवतं. असं दर उन्हाळ्यात होत गेलं की अंग लोकरीसारखं मऊ आणि फिकट होतं.

याचा त्रास पावसाळ्यात कळतो. राठ थर शाबूत असला तर कौलांवरून ओघळावं तसं पाणी वरच्यावर निघून जातं. मऊ केस मात्र पाणी धरून ठेवतात आणि गुंततात. जुलैत हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असताना ते कातडीपर्यंत लवकर सुकत नाहीत. मॅलॅसेझिया नावाचं यीस्ट कुत्र्याच्या कातडीवर एरवीही थोडंफार असतंच. ओल मिळाली की ते फोफावतं. मग पंजांच्या बेचक्यांत आणि काखेत लाली, खाज आणि आंबूस वास सुरू होतो.

केस उपटणं म्हणजे क्रूरपणा नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. केस पिकलेला नसेल तर दुखतंच. पिकलेल्या केसाची मुळाशी पकड सैल झालेली असते. एका हाताने कातडी ताणून धरायची, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत टोकाकडचे चार-सहा केस घ्यायचे आणि वाढीच्या दिशेने ओढायचे. बोटं निसटत असतील तर नोटा मोजताना घालतात ती रबरी टोपी घालावी. केस सहज आला तर तो पिकलेला. कुत्रं दचकलं तर थांबायचं. आधी अंघोळ घालू नये, केस बुळबुळीत होतात. पोट, गळा आणि गुदद्वाराजवळ कातडी नाजूक असते, तिथे कात्रीच बरी. दर आठवड्याला थोडं थोडं काढलं तर कुत्र्यालाही सवय होते आणि नवा राठ केस सतत येत राहतो.

दुसरा आक्षेप उकाड्याचा. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात. शरीराची उष्णता तो प्रामुख्याने धापा टाकून बाहेर टाकतो. त्याला सावली, पाणी आणि पंखा हवा. आखूड केसांत गोचीड लवकर दिसते, हे खरं. पण मेलेले केस निघून विरळ झालेल्या अंगातही ती बोटांना लागते. कानामागे, मानेवर आणि पंजांच्या बेचक्यांत रोज हात फिरवायला हवा. गोचीडतापाचा धोका केसांच्या लांबीवर ठरत नाही.

अपवाद आहेतच. म्हातारा, आजारी किंवा नसबंदीनंतर केस मऊ पडलेला कुत्रा असेल, तर त्याच्यावर मशीन चालवण्यात गैर काही नाही. कातडीला जखम किंवा चट्टे असतील, तर आधी पशुवैद्य; 1886 साली परळला सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय काही फार लांब नाही. मात्र तरुण, निरोगी टेरिअरला पार्लरमध्ये नेण्याआधी तिथे हाताने केस काढतात का, एवढं फोनवर विचारावं. उत्तर नकारार्थी आलं, तर आठवड्याला पंधरा मिनिटं आपलीच बोटं वापरावीत. हे काम शिकायला अवघड नाही, धीर मात्र लागतो.